शोरडिचनं पाडलेला उजेड

रस्ता खचलाय, गटार तुंबलंय, शेजारची म्हातारी उपाशी आहे. दाद कुणाकडे मागायची? तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात उत्तर होतं: चर्चकडे!

पाद्र्यांचे झगे ठेवायच्या खोलीत, म्हणजे व्हेस्ट्रीत, गावकीची बैठक बसायची. त्या बैठकीलाही व्हेस्ट्रीच म्हणत. लंडन शहराच्या तटाला लागून उत्तरेला असलेलं शोरडिच घ्या. सेंट लिओनार्ड चर्चची जेवढी हद्द, म्हणजे पॅरिश, तेवढा या बैठकीचा अंमल. १५५५ च्या कायद्यानं लोकांना वर्षातले चार दिवस रस्तादुरुस्तीला राबावं लागे, तेही फुकट! १६०१ च्या कायद्यानं गरिबांसाठी पट्टी वसूल होई. मात्र परका गरीब आपल्या पट्टीवर पोसला जाईल अशी शंका आली, की त्याची रवानगी त्याच्या मूळ पॅरिशात.

खेड्यापुरतं हे ठीक होतं. पण १८५१ पर्यंत शोरडिचची वस्ती लाखाच्या वर गेली! १८५५ च्या कायद्यानं मोठी गटारं अख्ख्या लंडनसाठी नेमलेल्या मंडळाकडे गेली. गल्ल्या, दिवे आणि कचरा उरला लोकांनी निवडलेल्या व्हेस्ट्रीकडे.

आणि या कचऱ्याचं तिनं काय करावं? वीज!

घरोघरी कोळशाच्या शेगड्या, त्यामुळे लंडनच्या कचऱ्यात राखेबरोबर अर्धवट जळलेले निखारेही भरपूर. म्हणजे कचरा कसला, फुकटचं जळणच ते! भट्टीत कचरा, भट्टीच्या धगीवर बॉयलर, बॉयलरच्या वाफेवर इंजिन, इंजिनावर डायनॅमो. उरलेली वाफसुद्धा वाया जाऊ दिली नाही. शेजारच्या सार्वजनिक स्नानगृहाचं पाणी तिनं तापवलं. काय डोकं म्हणायचं! जून १८९७ मध्ये उद्घाटनाला आले ते साक्षात नामवंत शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन. इमारतीवर लॅटिनमध्ये कोरलं: धुळीतून प्रकाश आणि शक्ती.

हे करणारी संस्था कोणती, तर उगम चर्चच्या कपडेखोलीतला! तीन वर्षांत, १९०० साली, तिचीही गादी गेली आणि शोरडिच रीतसर ‘बरो’, म्हणजे नगरपालिकेसारखा कारभार असलेला विभाग, झालं. १९६५ मध्ये तेही शेजारच्या हॅकनी बरोत विलीन झालं. माझ्या मते मात्र शोरडिचच्या कारभाराचा कळस व्हेस्ट्रीनंच गाठला होता.

कोरोनेट स्ट्रीटवरची ती इमारत अजून उभी आहे. तिथे आता सर्कशीचं शिक्षण मिळतं. कचरा जळायचा त्या दालनात मुलं उंच झोक्यांवर कसरती करतात. लंडनला गेलात, तर जरूर बघून या.