इस्टेट एजंटची वेबसाइट आणि चौकशांची वही

इस्टेट एजंटला वेबसाइट आणि आलेल्या चौकशा सांभाळणारे सॉफ्टवेअर, म्हणजे सीआरएम, बहुधा एकाच पॅकेजमध्ये विकले जाते. विकणारा आधी वेबसाइटचे रंगरूप दाखवतो. पारखायचे असते ते वेगळेच: ग्राहकाने फॉर्म भरल्यावर त्याचा नंबर कुठे जातो आणि पुढचा फोन कोण करतो.

९९एकर्स, मॅजिकब्रिक्स, हाउसिंग अशा पोर्टलांवर घर शोधणारा माणूस एका एजंटवर थांबत नाही. एकाच बैठकीत चारपाच ठिकाणी नंबर देऊन मोकळा होतो. उशिरा फोन करणाऱ्याला मग ‘आमचं बघून झालं’ एवढेच ऐकायला मिळते. म्हणून पोर्टल, वेबसाइट, फेसबुकची जाहिरात, व्हॉट्सअॅप या सगळ्या वाटांनी आलेली चौकशी आपोआप एकाच यादीत पडली पाहिजे. तीच पार्टी दोन वाटांनी आली तर नंबरावरून ओळखू यावी, नाहीतर ऑफिसातले दोघे तिला फोन करतात आणि ती वैतागते. बजेट, भाग, साइट व्हिजिटची तारीख, पुढचा फॉलोअप एवढे रकाने पुरतात. भाड्याचे काम असेल तर आणखी एक: करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, तेव्हा दहाव्या महिन्यात मालकाला फोन करण्याची आठवण. एकट्याने धंदा करणाऱ्याचे हे सगळे गूगल शीटवरही भागते.

महाराष्ट्रात वेबसाइट हीसुद्धा जाहिरातच असते. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने नोंदणी नसलेल्या एजंटला नोंदणीकृत प्रकल्पातील घरांचा व्यवहार जुळवता येत नाही. दंड दिवसाला १०,००० रुपये आहे. १ ऑगस्ट २०२३पासून महारेराने, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाने, प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. त्यामुळे एजंटचा आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, क्यूआर कोड आणि कार्पेट क्षेत्र यांना प्रत्येक पानावर जागा हवी. परदेशी साचा स्वस्तात मिळतो, पण त्यात गॅरेजचा रकाना असतो आणि ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), लिफ्ट, सोसायटीचा मेंटेनन्स यांचा पत्ता नसतो.

व्हॉट्सअॅपबद्दल फार आशा दाखवली जाते. साध्या अॅपमधल्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात आणि संदेश पोचतो तो एजंटचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. त्यापुढच्या सोयीला वेगळे पैसे पडतात.

करारातल्या दोन बाबी सर्वांत महत्त्वाच्या. डोमेन एजंटच्याच नावावर असावे आणि चौकशांची पूर्ण यादी केव्हाही एक्सेलमध्ये उतरवून घेता यावी. हे नसेल तर कंपनी बदलताना वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके मागेच राहतात. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे फॉर्मखाली संमतीची स्पष्ट ओळही हवी.

चाचणी डेमोच्या खोट्या नावांवर नव्हे, खऱ्या चौकशांवर आणि रविवारी घ्यावी. साइट व्हिजिटांची गर्दी त्या दिवशी असते, आणि सॉफ्टवेअर कंपनीची हेल्पलाइन चालू असते की बंद, तेही तेव्हाच कळते.