सीयूईटीतील विषयनिवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी-यूजी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या आधारे होऊ लागले. राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजेच एनटीए, ही परीक्षा घेते. २०२५ च्या रचनेनुसार तीत ३७ प्रश्नपत्रिका आहेत : १३ भाषांच्या, २३ डोमेन विषयांच्या, म्हणजे बारावीला शिकवल्या जाणाऱ्या विशिष्ट विषयांच्या, आणि एक सामान्य अभियोग्यता चाचणीची. विद्यार्थ्याला त्यांपैकी जास्तीत जास्त पाच निवडता येतात. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत ५० प्रश्न, ६० मिनिटे आणि २५० गुण असून बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो.

महाराष्ट्रातील कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांत पारंपरिक पदवीचा प्रवेश बहुतांशी बारावीच्या गुणांवरच होत असल्यामुळे या परीक्षेची ओळख येथील घरांत उशिरा झाली. दिल्ली, बनारस, हैदराबाद किंवा वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय यांचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र बारावीचा निकाल हाती येण्यापूर्वीच विषय ठरवावे लागतात, आणि दुरुस्तीची मुदत संपली की ती निवड बदलता येत नाही. त्यामुळे या निवडीभोवतीचे समज तपासून पाहणे गरजेचे ठरते.

गैरसमज १ : एनटीएने परवानगी दिलेला कोणताही विषय विद्यापीठाला चालतो.

वस्तुस्थिती : परीक्षेला बसण्याची मुभा आणि प्रवेशाची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी असून त्या दोन वेगळ्या संस्था ठरवतात. २०२५ मध्ये एनटीएने बारावीला न घेतलेल्या विषयाचीही परीक्षा देण्याची मोकळीक दिली. परंतु दिल्ली विद्यापीठाने, विद्यार्थ्याने बारावीला अभ्यासलेल्या विषयांतच सीयूईटी दिलेली असावी, ही आपली अट कायम ठेवली. बारावीचा एखादा विषय सीयूईटीच्या यादीतच नसेल, तर त्याच्याशी सर्वाधिक मिळताजुळता विषय घ्यावा, अशी तरतूद त्या विद्यापीठाच्या नियमांत आहे. महाराष्ट्र मंडळाच्या वाणिज्य शाखेला ही बाब विशेष लागू पडते, कारण ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ या नावाची प्रश्नपत्रिका सीयूईटीत नाही. गणिताऐवजी हा विषय घेऊन बारावी झालेल्या विद्यार्थ्याने दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सचे स्वप्न पाहिले, तर अडचण परीक्षेच्या कित्येक महिने आधी, अकरावीच्या विषयनिवडीतच निर्माण झालेली असते. त्या अभ्यासक्रमाच्या गुणवत्तेसाठी गणिताची प्रश्नपत्रिका अनिवार्य आहे.

गैरसमज २ : पाचही प्रश्नपत्रिका दिल्या की संधी आपोआप वाढते.

वस्तुस्थिती : विद्यापीठ सगळ्या प्रश्नपत्रिकांच्या गुणांची सरसकट बेरीज करत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमासाठी प्रश्नपत्रिकांचा एक गट ठरलेला असतो आणि गुणवत्ता यादी त्या गटातील गुणांवरच लागते. दिल्ली विद्यापीठाचीच उदाहरणे घेतली, तर अर्थशास्त्र ऑनर्ससाठी एक भाषा, गणित आणि विहित यादीतील आणखी दोन विषय लागतात, तर व्यवस्थापन पदवीसाठी, म्हणजे बीएमएससाठी, एक भाषा, गणित आणि सामान्य अभियोग्यता चाचणी. हे दोन्ही अभ्यासक्रम डोळ्यांसमोर असलेल्या विद्यार्थ्याला एक भाषा, गणित, आणखी दोन विषय आणि अभियोग्यता चाचणी अशा नेमक्या पाच प्रश्नपत्रिका द्याव्या लागतात आणि त्यांतील प्रत्येकीचा उपयोग होतो. याउलट, ज्याला केवळ भौतिकशास्त्र ऑनर्स करायचे आहे, त्याचे काम एक भाषा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या चार प्रश्नपत्रिकांत भागते. पाचवीचा भार वेळेवर आणि शुल्कावर पडतो, कारण शुल्क निवडलेल्या विषयांच्या संख्येनुसार आकारले जाते.

गैरसमज ३ : भाषेची प्रश्नपत्रिका ही केवळ औपचारिकता आहे.

वस्तुस्थिती : भाषेचे वजन अभ्यासक्रमानुसार बदलते. दिल्ली विद्यापीठाच्या अनेक विज्ञान ऑनर्स अभ्यासक्रमांत भाषेत किमान ३० टक्के गुण पुरेसे धरले जातात आणि गुणवत्ता तीन विज्ञान विषयांवर ठरते. कला शाखेच्या ऑनर्स अभ्यासक्रमांत मात्र भाषेचे २५० गुण इतर विषयांइतकेच मोजले जातात. येथेच आणखी एक गल्लत होते. अर्जात ‘माध्यम’ म्हणून मराठी निवडणे म्हणजे इतर विषयांचे प्रश्न मराठीतून मागणे, आणि ‘भाषा’ म्हणून मराठी निवडणे म्हणजे उताऱ्याचे आकलन, शब्दसंपत्ती यांसारख्या बाबींवर आधारलेली मराठीची स्वतंत्र परीक्षा देणे. मराठी या १३ भाषांत आहे, परंतु इच्छित अभ्यासक्रमाला कोणती भाषा चालते, हे त्या अभ्यासक्रमाच्या अटींतच पाहावे लागते. इंग्रजी ऑनर्ससाठी इंग्रजीचीच प्रश्नपत्रिका लागते, हे त्याचे सरळ उदाहरण.

गैरसमज ४ : सोपा विषय घेतला की गुण वाढतात, आणि अवघड विषयाची भरपाई सामान्यीकरणातून होते.

वस्तुस्थिती : सामान्यीकरण म्हणजे वेगवेगळ्या सत्रांत झालेल्या परीक्षेचे गुण तुलनायोग्य करण्याची सांख्यिकी पद्धत. एका विषयाची परीक्षा अनेक सत्रांत झाली आणि एका सत्राची प्रश्नपत्रिका अधिक अवघड निघाली, तर त्या सत्रातील विद्यार्थ्यांवर अन्याय होऊ नये, यासाठी आधी प्रत्येकाचे पर्सेंटाइल काढले जाते, म्हणजे त्याच सत्रातील किती टक्के परीक्षार्थींचे गुण त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी आहेत, हे पाहिले जाते, आणि नंतर समान पर्सेंटाइलला समान गुण दिले जातात. ही तुलना एकाच विषयाच्या सत्रांपुरती असते. इतिहास आणि गणित यांच्या काठिण्यातील फरक ती मिटवत नाही. दुसरीकडे, ‘सोपा’ म्हणून गाजलेल्या विषयात इतरांचेही गुण चढतात, आणि ऐंशी टक्क्यांचा आनंद गुणवत्ता यादीत टिकत नाही. म्हणून विषयाच्या सोपेपणाच्या चर्चेपेक्षा स्वतःची तयारी हा निकष अधिक भरवशाचा ठरतो.

गैरसमज ५ : बारावीचा अभ्यास झाला म्हणजे सीयूईटीचा झाला, आणि बारावीच्या गुणांना आता किंमत नाही.

वस्तुस्थिती : यातील दोन्ही भाग तपासून घ्यावे लागतात. डोमेन विषयांचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या अभ्यासक्रमाला धरून असतो, तर महाराष्ट्रातील विद्यार्थी बालभारतीची पुस्तके वाचतो, आणि विषयाचे नाव एक असले तरी आतील प्रकरणे सारखी नसतात. बालभारतीच्या बारावीच्या अर्थशास्त्रात निर्देशांकांवर स्वतंत्र प्रकरण आहे, जे एनसीईआरटीत अकरावीच्या सांख्यिकीत येते. उलट सीयूईटीच्या अर्थशास्त्रात १९५० ते १९९० या काळातील आर्थिक धोरणे आणि १९९१ नंतरच्या सुधारणा यांवर प्रश्न असतात, आणि बालभारतीच्या बारावीच्या पुस्तकात त्यांना स्वतंत्र प्रकरण नाही. बारावीच्या गुणांविषयी सांगायचे, तर दिल्ली विद्यापीठात दोन उमेदवारांचे सीयूईटीचे गुण समान आले की बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांची बेरीज आधी पाहिली जाते. शिवाय बारावी उत्तीर्ण होण्याची मूळ पात्रता आहेच.

या सर्व समजांच्या मुळाशी एकच उलटा क्रम आढळतो : आधी विषय निवडायचे आणि मग त्यांत बसणारा अभ्यासक्रम शोधायचा. योग्य क्रमात आधी दोन-तीन अभ्यासक्रम निश्चित करावेत, त्या-त्या विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून पात्रता आणि गुणवत्तेचा गट उतरवून घ्यावा, सर्वांना सामाईक असलेल्या प्रश्नपत्रिका वेगळ्या काढाव्यात, त्या बारावीच्या विषयांशी पडताळाव्यात आणि मगच अर्ज भरावा. रचना वर्षागणिक बदलत आल्यामुळे मागील वर्षी प्रवेश घेतलेल्या भावंडाची किंवा मित्राची यादी जशीच्या तशी वापरू नये. २०२५ मध्ये सहाव्या विषयाची सोय गेली आणि विधी अध्ययन, उद्योजकता यांसारख्या विषयांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका बंद झाल्या, तेव्हा आदल्या वर्षीच्या यादीवर विसंबलेल्या विद्यार्थ्यांना आपली निवड पुन्हा पहिल्यापासून मांडावी लागली.