पटावरचं नाव आणि वर्गातलं मूल

आपल्या ओळखीत पन्नाशी-साठी ओलांडलेली जी माणसं असतील, त्यांचे वाढदिवस एकदा विचारून पाहा. कुणाचा तरी १ जून निघेलच. त्या तारखेला गावोगावी फार मुलं जन्मत होती असं काही नाही. आईवडिलांना तारीख सांगता येत नसे. मग शाळेत नाव घालताना गुरुजी मुलाकडे बघत, अंदाजाने साल धरत आणि प्रवेशाच्या हिशेबात बसेल अशी तारीख लिहून टाकत. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, नोकरीच्या सेवापुस्तकात गेली आणि माणूस निवृत्त कधी होणार हेही तिनेच ठरवलं.

शाळेतल्या एका ओळीच्या नोंदीत किती ताकद असते, हे कळायला एवढं उदाहरण पुरे. शाळांना अशा नोंदी नीट ठेवायला, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या वापरायला मदत करणं, हे माझं काम. पूर्वी हे सगळं रजिस्टरवर चालायचं, आता बरंचसं संगणकावर आणि मोबाइलवर चालतं. त्याला 'शालेय माहिती व्यवस्थापन प्रणाली' असं भारदस्त नाव आहे. ते विसरलात तरी चालेल. त्यामागचा प्रश्न मात्र साधा आहे. शाळा मुलांची जी माहिती गोळा करते, तिचा त्या मुलांना काय उपयोग होतो?

प्रत्येक शाळेत एक जाडजूड जनरल रजिस्टर असतं. मूल शाळेत आलं की त्यात एक क्रमांक पडतो आणि त्यापुढे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा लिहिली जाते. मूल शाळा सोडून जातं, ओळ तिथेच राहते. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे ७ नोव्हेंबर १९०० रोजी एक नाव लिहिलं गेलं. भिवा रामजी आंबेडकर. ती नोंद जपली गेली, म्हणून बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा नेमका दिवस आज आपल्याला ठाऊक आहे आणि २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. नोंद करणाऱ्या हाताला त्या दिवशी ते मूल पुढे कोण होणार हे माहीत नव्हतं. कुठल्याच मुलाबद्दल ते माहीत नसतं, म्हणून प्रत्येक ओळ सारख्याच काळजीने लिहायची असते.

रजिस्टर शाळेचं. सरकारला मात्र आकडे हवे असतात. १९९० च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला आणि त्याच्याबरोबर 'डायस' ही माहिती गोळा करण्याची पद्धत आली. ३० सप्टेंबरला शाळेत वर्गवार मुलं किती, मुली किती, खोल्या किती, पाणी आहे का, स्वच्छतागृह आहे का, असा तो छापील तक्ता. २०१२-१३ पासून प्राथमिक आणि माध्यमिक शाळा एकाच तक्त्यात आल्या आणि त्याचं 'यू-डायस' झालं. प्रत्येक शाळेला ११ आकडी क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. पुढे जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी शाळा. २०१५ मध्ये आपल्या राज्याने 'सरल' प्रणाली आणली आणि एकेका विद्यार्थ्याची नावानिशी नोंद संगणकावर घेतली. २०२२-२३ पासून 'यू-डायस प्लस'मध्ये देशभर अशी विद्यार्थीनिहाय नोंद होऊ लागली.

हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. आकड्याला चेहरा नसतो. 'चौथीत ३० मुलं' या आकड्यात कुणीही लपू शकतं आणि कुणीही घुसू शकतं. पटावरच्या संख्येवर शिक्षकांची पदं मंजूर होतात, अनुदान ठरतं. त्यामुळे संख्या फुगवण्याचा मोह जुनाच. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी झाली, ती आठवत असेल. तेच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली होती. कितीतरी ठिकाणी पटावर नावं होती आणि वर्गात मुलं नव्हती.

पण उलटही घडतं. वर्गात मूल असतं आणि यंत्राच्या लेखी ते नसतं. २०२२-२३ च्या संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवताना, आधारशी पडताळणी झालेलेच विद्यार्थी धरायचे असं ठरलं. पडताळणी व्हायची तर रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख आणि लिंग आधार कार्डाशी जुळायला हवं. इथेच घोडं अडतं. 'अक्षय'मधला 'क्ष' इंग्रजीत लिहिताना एक जण 'के-एस-एच' लिहितो, दुसरा 'एक्स'. कुणाच्या कार्डावर वडिलांचं नाव आहे, कुणाच्या नाही. शिक्षण हक्क कायदा सांगतो, पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तीन. राज्याचे निकष अधूनमधून बदलतात, पण संख्येचा असा उंबरठा असतोच. समजा, शाळा बरोब्बर त्या उंबरठ्यावर आहे आणि दोन नावं जुळत नाहीत. दोन मुलांच्या स्पेलिंगपायी सगळ्या गावाच्या मुलांचा एक शिक्षक जाऊ शकतो.

म्हणून शाळेत गेल्यावर मी पहिली गोष्ट सांगतो. मूळ एकच ठेवा, आणि ते मूळ म्हणजे जनरल रजिस्टर. हजेरीपट, सरल, यू-डायस, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळीकडे नाव त्यावरूनच उतरायला हवं. चूक सापडली तर आधी मुळात नियमाप्रमाणे दुरुस्ती करायची, मग फांद्यांवर. प्रवेशाच्या दिवशी पालक समोर बसलेले असतात. तेव्हाच आधार कार्ड आणि जन्मदाखला ताडून पाहिला तर पाच मिनिटांचं काम आहे. तेच सप्टेंबरात करायला गेलं की पाच फेऱ्या. मात्र कागद नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. वयाचा पुरावा नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून मुलाला दारात थांबवता येत नाही, असं २००९ चा कायदाच सांगतो. आधार नाही म्हणूनही अडवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. आधी मूल आत, कागद नंतर.

एवढं करूनही माहिती बिनचूक झाली इतकंच. ती उपयोगी पडायला हवी. जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकी शाळेत कारकून नसतो. मुख्याध्यापक स्वतः दोन वर्ग सांभाळतात, आहाराचा हिशेब ठेवतात आणि 'आज पाच वाजेपर्यंत माहिती भरा' असा निरोप आला की मोबाइल घेऊन नेटवर्क मिळेल तिथे जाऊन उभे राहतात. माहिती वर जाते. खाली काही येत नाही. अशा शिक्षकाला 'माहितीचं महत्त्व' यावर व्याख्यान देणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. त्याला दाखवावं लागतं की हीच माहिती त्याचं काम हलकं करू शकते.

मी एक हिशेब फळ्यावर मांडतो. वर्गात ३० मुलं, महिन्यात शाळेचे दिवस २०. सगळी रोज आली तर ६०० हजेऱ्या. महिनाअखेर ५४० भरल्या. उपस्थिती ९० टक्के. छान! आता उरलेल्या ६० गैरहजेऱ्या कुणाच्या? तिसांपैकी प्रत्येक जण दोन-दोन दिवस आला नसेल, तर ते ताप-सर्दी, लग्न, जत्रा. पण तीनच मुलं विसाच्या वीस दिवस आली नसतील तरी गैरहजेऱ्या ६० च होतात आणि टक्के ९० च राहतात. पहिल्या वर्गात काळजीचं काही नाही. दुसऱ्या वर्गातून तीन मुलं निसटून चालली आहेत. टक्केवारी दोन्हींना सारखीच शाबासकी देते. म्हणून टक्के वर पाठवा, पण आपण नावं वाचा.

ही नावं वाचण्याचं मोल मराठवाड्यातल्या, विशेषतः बीडकडच्या शिक्षकांना चांगलं ठाऊक आहे. पावसाळा सरत आला की मुकादम उचल देतात, दसरा-दिवाळीच्या आगेमागे टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि आईबापांबरोबर मुलंही गाडीत बसतात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. शाळेला हे नोव्हेंबरात 'कळतं', तेव्हा गाव रिकामं झालेलं असतं. खरं तर ते सप्टेंबरातच हातात असतं. गेल्या वर्षीचा हजेरीपट काढायचा आणि नोव्हेंबर ते मार्च ज्यांच्यापुढे सलग गैरहजेरी आहे, ती नावं एका कागदावर उतरायची. यंदा कोण जाणार याची ती जवळजवळ तयार यादी. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचायची. मग टोळी हलण्यापूर्वी घरोघरी बोलता येतं. मूल आजीकडे राहील का? हंगामी वसतिगृह सुरू करता येईल का? तेही नाही जमलं, तर बरोबर शिक्षण हमी कार्ड देऊन कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवता येईल का? एका शाळेत असा कागद तयार झाला तेव्हा तिथल्या बाईंनी तो भिंतीवर लावला नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि बाजारच्या दिवशी आया भेटतील तशा एकेकीशी बोलत गेल्या. माहिती वापरणं म्हणतात ते याला. याला संगणकही लागला नाही.

संगणकाचा उपयोग तिथून पुढे. मूल एका शाळेतून गेलं आणि दुसऱ्या शाळेने त्याला दाखल करून घेतलं नाही, तर यू-डायस प्लसमध्ये त्याचं नाव 'ड्रॉपबॉक्स' नावाच्या कप्प्यात पडून राहतं. बऱ्याच ठिकाणी या कप्प्याकडे नको ती कटकट म्हणून पाहिलं जातं आणि तो रिकामा करण्याची घाई होते. पण तिथलं प्रत्येक नाव म्हणजे एक प्रश्न आहे. हे मूल आता कुठे आहे? खासगी शाळेत गेलं, मामाच्या गावी गेलं, की कुठेच नाही? दोन केंद्रप्रमुखांनी एकमेकांना फोन केला तर यातली कितीतरी उत्तरं दहा मिनिटांत मिळतात. उरलेल्यांसाठी पायपीट करावी लागते, आणि ती त्या उरलेल्यांसाठीच असते.

म्हणून शाळांना मी कळी कुठली दाबायची हे शेवटी शिकवतो. आधी दर महिन्याला तीन प्रश्न विचारायला सांगतो. कोण येत नाही? कोण येतं पण वाचत नाही? कोण गेलं आणि कुठे गेलं? दुसऱ्या प्रश्नासाठी प्रत्येक मुलापुढे एक खूण पुरते. अक्षर ओळखतं, शब्द वाचतं, वाक्य वाचतं की उतारा वाचतं. त्यावरून उद्या कुणाला कुठल्या गटात बसवायचं हे बाईंना ठरवता येतं. पण याच खुणांवरून शाळेला श्रेणी द्यायला किंवा शिक्षकाला नोटीस काढायला सुरुवात झाली की महिन्याभरात सगळी मुलं उतारा वाचायला लागतात. कागदावर! ज्या माहितीची भीती वाटते ती माहिती खरी राहत नाही. हे अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवायचं.

आणि एक पथ्य सगळ्यांनी पाळायचं. मुलाची जात, अपंगत्व, आईवडिलांचं उत्पन्न, आधार क्रमांक हे त्या घराने विश्वासाने शाळेकडे दिलेलं असतं. अख्ख्या वर्गाची अशी यादी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकणं म्हणजे ती चावडीवर वाचून दाखवणं. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा वेगळा विचार केलेला आहे. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? आपल्या मुलीची माहिती अशी फिरलेली चालेल का, एवढं स्वतःला विचारलं तरी पुरे.

पालक म्हणून तुम्हालाही यात काम आहे. मुलाच्या शाळेतल्या नोंदीची प्रत एकदा मागून बघा. नाव, जन्मतारीख, आईचं नाव अक्षर न् अक्षर तपासा, दहावीच्या अर्जापर्यंत थांबू नका. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. तुम्ही त्यात असाल तर पुढच्या बैठकीत 'उपस्थिती किती टक्के' हे विचाराच, पण तिथे थांबू नका. 'या महिन्यात सलग आठ दिवस कोण आलं नाही?' असं विचारा. उत्तरात नाव येईल. त्या नावाचं घर तुमच्याच गल्लीत असेल, आणि तिथे जाऊन चौकशी करायला कुठलाही पासवर्ड लागत नाही.