अहवालातला पारा

गेल्या आठवड्यात आपण शिशाबद्दल बोललो. या वेळी पाऱ्याबद्दल, कारण ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या एका ताईंनी त्यांच्या चार वर्षांच्या मुलाच्या लघवीचा अहवाल पाठवला आहे. मुलगा स्वमग्न आहे. अहवालात पाऱ्याची रेघ थेट लाल पट्ट्यात गेलेली. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय : नमुना डीएमएसए दिल्यानंतर घेतला.

सगळी मेख तिथेच आहे. डीएमएसए हे जड धातू लघवीवाटे बाहेर काढणारं औषध. थोडाफार पारा सगळ्यांच्याच अंगात असतो, त्यामुळे ते घेतलं की तुमच्या-माझ्या लघवीतही पारा वाढलेला दिसेल. आणि तो आकडा ताडून बघतात औषध न घेतलेल्या माणसांच्या मर्यादेशी! अशा चाचणीला शास्त्रीय आधार नाही, हे अमेरिकेतल्या विषशास्त्रज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने केव्हाच सांगितलंय.

ताईंनी खाली विचारलंय, "गरोदरपणी मी खूप मासे खाल्ले, त्यामुळे झालं का?"

ही शंका उगाच आलेली नाही. ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर झिंगडे आणि देसाई यांचा शोधनिबंध १९८१ सालीच आला. पुढे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी उल्हास खाडीचा गाळही तपासला. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून कॉस्टिक सोडा करताना जुन्या कारखान्यांत पारा वापरायचे आणि त्यातला काही सांडपाण्याबरोबर वाहून जायचा. गाळातले जीवाणू त्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. लहान मासा मोठ्याच्या पोटात जातो तसतसा हा पारा साठत जातो. जपानमध्ये मिनामाताला १९५६ साली उघडकीला आलेला आजार याच पाऱ्याचा. तिथे आयांना फारसा त्रास नसतानाही बाळं मेंदूला इजा होऊन जन्मली. पण त्या मुलांचं दुखणं सेरेब्रल पाल्सीसारखं होतं, स्वमग्नतेसारखं नव्हतं.

मग स्वमग्नतेशी पारा जोडला कुणी? टेक्सासमधला २००६ सालचा अभ्यास नेहमी पुढे केला जातो : पर्यावरणात हजार पौंड पारा जास्त, तर तिथल्या शाळांत स्वमग्न मुलांचं प्रमाण ६१ टक्के जास्त. पण तो अख्ख्या भागांचा हिशेब होता, एकेका मुलाच्या किंवा आईच्या अंगातला पारा कुणी मोजला नव्हता. तो मोजला सेशेल्स बेटांवर. तिथे मासे हे रोजचंच जेवण. आईच्या केसांतला पारा आणि पुढे १,७८४ मुला-तरुणांची वागणूक ताडून पाहिली. २०१३ साली निष्कर्ष आला : संबंध आढळला नाही. कॅलिफोर्नियातल्या २०१० सालच्या अभ्यासात तर स्वमग्न मुलांच्या रक्तात पारा आधी कमीच दिसला, कारण ती मुलं मासे कमी खात होती. तो फरक हिशेबात धरल्यावर स्वमग्न आणि इतर मुलांचा पारा सारखाच निघाला.

लशींतल्या पाऱ्याबद्दल एवढंच सांगते, की डेन्मार्कने १९९२ साली लहान मुलांच्या लशींतून पारायुक्त थायोमर्सल काढलं, तरी तिथल्या स्वमग्नतेच्या नोंदी वाढतच राहिल्या.

तेव्हा ताई, मासे खाल्ल्याचा अपराध मनातून काढून टाका. पुन्हा दिवस राहिले तर मुशी आणि मोठी सुरमई टाळा, कारण पाऱ्याचे इतर धोके खरे आहेत. मांदेली, करंदी खुशाल खा.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्या. असा अहवाल हातात ठेवून पुढे "पारा उतरवण्याचे" डोस सुचवले जातात. २००५ साली अमेरिकेत अशाच उपचारात पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा दगावला. शिरेतून दिलेल्या औषधाने रक्तातलं कॅल्शियम उतरलं आणि हृदय बंद पडलं. इतका धोका पत्करूनही या औषधांनी स्वमग्नता कमी होते, असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. त्या डोसांवर जाणारा पैसा स्पीच थेरपीला आणि ऑक्युपेशनल थेरपीला लावा. सरकारी डीईआयसी केंद्रांत, म्हणजे जिल्ह्यातल्या लवकर हस्तक्षेप केंद्रांत, मुलांची तपासणी मोफत होते. तिथे काय विचारतात, सोबत काय न्यायचं, ते पुढच्या आठवड्यात.