काटवलाचं बी आणि हुगळीकाठची माती

कोलकात्यात गार्डन रीचच्या बाजारात पावसाळ्यात काकरोल ढिगानं मिळतं, पण आमच्या विदर्भातलं काटवल त्याहून लहान आणि कितीतरी चवदार. दक्षिण-पूर्व रेल्वेचं, म्हणजे जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेचं, मुख्यालय इथे आहे. तिथल्या नोकरीपायी नागपूर सोडलं, तेव्हापासून काटवल मी बियांपासून वाढवतो.

भाजीच्या हिरव्या फळातलं बी कोवळं असतं, ते रुजत नाही. फळ वेलीवरच पिकून फुटावं लागतं. तेव्हा लालभडक गरात काळपट, टणक बी मिळतं. ते धुऊन-वाळवून लगेच पेरलं तरी ढिम्म हलत नाही. रानात ते उन्हाळाभर तापल्या मुरमात पडून राहतं आणि मृगाच्या सरींनी जागं होतं.

इथे ओलीला तोटा नाही, तोटा मातीतल्या हवेचा आहे. हुगळीच्या गाळाची चिकणमाती पावसात तुंबते आणि फुगणाऱ्या बियाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. असं बी उकरून चिमटीत दाबलं की बोटांना बुळबुळीत, आंबूस लगदा लागतो. बी पाण्यानं रुजतं हे अर्धंच खरं. पाणी वाहून जाणंही तितकंच गरजेचं.

म्हणून मे महिन्यात, कालबैशाखीच्या वादळी सरींच्या दिवसांत, मी गच्चीवरच्या कुंडीत पेरणी करतो. नेलकटरनं कवचाची कड किंचित उडवायची, आतल्या पांढऱ्या दळाला धक्का लागू द्यायचा नाही. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत यांत बोटाच्या पेराएवढं खोल घालायचं. काकडीच्या कुळातल्या बियांना २५ ते ३० अंशांची ऊब मानवते आणि मेमध्ये ती रात्रीही मिळते. काही दिवसांनी वाळू अलगद बाजूला केली की कवच टोकाशी उकललेलं असतं आणि जाडसर पांढरी मुळी खाली वळलेली दिसते. जानेवारीतल्या गार रात्रींत तीच वाळू, तेच बी, पण काही घडत नाही.

नदीपलीकडे शिबपूरला १७८७ सालचं वनस्पती उद्यान आहे. तिथले अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांनी या वेलीला दिलेलं शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्रज्ञ विल्डेनो यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलं. नर आणि मादी वेल वेगळे. कंदापासून लावलं तर वेल कोणता ते आधीच ठाऊक असतं, म्हणून शेतकरी कंद लावतात. पण कंदातून तोच वेल पुन्हा येतो, बियातून नवा येतो; रानातलं वैविध्य टिकतं ते बियांमुळेच. बियापासूनच्या रोपाला मात्र फूल येईपर्यंत काही कळत नाही. पाकळ्यांखाली बारीक काटेरी गोळी दिसली की ती मादी. त्यामुळे कुंडीत एकच रोप ठेवून भागत नाही, पाच-सहा तरी जगवावी लागतात.