वाती वळणारी मिस मार्पल

अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल कादंबरीत प्रथम अवतरली ती १९३० साली. सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहणारी, अविवाहित, वयस्क. हाती लोकरीचे विणकाम आणि कान मात्र चोहीकडे. पोलिस जिथे पुरावे धुंडाळत बसतात, तिथे हिला आठवते गावातील एखादे जुने माणूस आणि त्याची लबाडी. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच, एवढ्या भांडवलावर ती खुनाचा छडा लावते.

वऱ्हाडातील वाचकाला ही बाई परकी वाटू नये. ओसरीवर घरच्याच कापसाच्या वाती वळत बसलेली, कोणाकडे पाहुणे आले नि कोणाची सून माहेरी राहिली याची बित्तंबातमी ठेवणारी आजी अमरावती-अकोल्याच्या जुन्या घरांनी पाहिली आहे. फरक एवढाच, की तिच्या निरीक्षणास घरच्यांनी चोंबडेपणा म्हटले. इंग्रजांनी त्याची कादंबरी केली.

खुनावाचून रंगणारी इंग्रजी खेडीही आहेत. ‘मिस रीड’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या डोरा सेंट यांच्या ‘व्हिलेज स्कूल’मध्ये (१९५५) एका लहानशा शाळेचे वर्ष सरते, इतकेच. रक्तपाताचा तिटकारा असणाऱ्यांनी आरंभ येथूनच करावा.

मात्र इंग्रजी रहस्यकथेतील खेड्यात एक सोय असते. शेवटच्या प्रकरणात अपराधी सापडतो आणि गाव पुन्हा निवांतपणे चहा पिऊ लागते. वऱ्हाडच्या खेड्यावरील कादंबरी असा दिलासा देत नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मधील (१९६०) कौतिक ही शिंप्याची बायको, संसार सावरण्यासाठी ती जिवाचे रान करते. तिला छळणारे दारिद्र्य सर्वांसमक्ष वावरते, त्याला पकडायला कोणी हेर येत नाही. परतवाड्यास जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनीही ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये हीच वऱ्हाडी बोली कागदावर आणली.

इंग्रजी शाळेत शिकलेली नात आज ख्रिस्ती यांची कादंबरी मोबाइलवर एका बैठकीत संपवते. ‘धग’मधील संवादांपाशी मात्र अडखळते. शब्दकोशात ती बोली पुरती सापडत नाही, सापडते ती आजीच्या तोंडी. म्हणून ही पुस्तके आजी घरात असेतोवरच, दोघींनी मिळून वाचावीत. दुपारी आजीने कौतिकचे बोलणे मोठ्याने वाचावे, रात्री नातीने मिस मार्पलची गोष्ट मराठीत सांगावी. खुनी कोण, हे आजी बहुधा निम्म्यातच ओळखेल.