शेअर, फंड, ठेवीत पैसे अडकले? तक्रारीआधी योग्य दार ओळखा, नाहीतर वेळ जातो

सोयाबीन विकलं, देणी भागवून थोडे पैसे उरले. कुणाच्या तरी सांगण्यावरून ते शेअर बाजारात किंवा म्युच्युअल फंडात टाकले. पुढे लग्नासाठी, दवाखान्यासाठी पैसे काढायची वेळ आली आणि ब्रोकरचा माणूस फोनच उचलेना. असं झालं की बहुतेक जण आधी ओळखीच्या पुढाऱ्याकडे जातात, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर संताप व्यक्त करतात. खरं तर अशा तक्रारींसाठी सरकारी व्यवस्था आहे आणि ती फुकट आहे. अडचण एकच. प्रत्येक प्रकारच्या पैशाचं दार वेगळं आहे. दार चुकलं की अर्ज परत येतो आणि मुदत निघून जाते.

कोणता पैसा, कोणतं दार?

शेअर, म्युच्युअल फंड, डीमॅट खातं, ब्रोकर आणि बाजारात नोंद असलेल्या कंपन्या यांच्यावर सेबीची देखरेख असते. बँक, फायनान्स कंपनी आणि यूपीआय व्यवहारांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाते. विम्यासाठी 'बीमा भरोसा' ही व्यवस्था आहे.

गावोगावच्या पतसंस्थांबाबत मात्र गल्लत होते. पतसंस्था ही बँक नाही. तिच्यातल्या ठेवीची तक्रार रिझर्व्ह बँक घेत नाही. त्यासाठी तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी अर्ज करावा लागतो. संस्था 'मल्टिस्टेट' असेल तर विषय केंद्रीय निबंधकांकडे जातो. पासबुकावरचा नोंदणी क्रमांक आणि संस्थेचं पूर्ण नाव आधी नीट पाहावं.

सेबीकडे तक्रार कशी जाते?

सेबीने २०११ मध्ये 'स्कोअर्स' ही ऑनलाइन तक्रार व्यवस्था सुरू केली. १ एप्रिल २०२४ पासून तिची नवी आवृत्ती चालू आहे. पण पहिली पायरी सेबी नाही, ती कंपनी किंवा ब्रोकर आहे. आधी त्यांच्या तक्रार विभागाला ईमेल करायचा किंवा पत्र द्यायचं आणि त्याची पोच ठेवायची. फोनवर झालेलं बोलणं पुरावा म्हणून टिकत नाही.

तिथे दाद मिळाली नाही तर स्कोअर्सवर नोंदणी करावी. त्यासाठी पॅन, मोबाइल नंबर आणि ईमेल लागतो. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करणं गरजेचं आहे. 'बघू पुढच्या हंगामात' म्हणत थांबलं तर ही मुदत हातची जाते.

तक्रार दाखल झाली की ती आपोआप संबंधित कंपनीकडे किंवा ब्रोकरकडे जाते. त्यांनी २१ दिवसांत काय कारवाई केली ते कळवायचं असतं. उत्तर पटलं नाही तर १५ दिवसांच्या आत पुन्हा तपासणी मागता येते. ही पहिली तपासणी शेअर बाजारासारखी नेमलेली संस्था करते, त्यानंतरची सेबी स्वतः करते. एवढ्यावरही भागलं नाही तर 'स्मार्ट ओडीआर' या ऑनलाइन व्यवस्थेत आधी समेट आणि मग लवाद असा मार्ग आहे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सेबी स्वतःच्या खिशातून पैसे देत नाही. शेअर पडला म्हणून झालेलं नुकसानही भरून देत नाही. विक्रीचे पैसे दिले नाहीत, न विचारता व्यवहार केले, लाभांश आला नाही, नावावर शेअर करून दिले नाहीत, अशा गोष्टींसाठी ही व्यवस्था आहे.

तक्रार नाही, फक्त विचारायचं असेल तर?

सेबीचे टोल फ्री नंबर आहेत: १८०० २२ ७५७५ आणि १८०० २६६ ७५७५. तिथे मराठीत बोलता येतं. मात्र 'कोणता शेअर घेऊ' याचं उत्तर तिथे मिळणार नाही.

बँकेची तक्रार

आधी बँकेत लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवर जावं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. इंटरनेट जमत नसेल तर रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंडीगड १६००१७ या पत्त्यावर टपालानेही तक्रार पाठवता येते.

कागद का जपायचे?

'पर्ल्स' म्हणजे पीएसीएल कंपनीची आठवण अनेक गावांत अजून आहे. शेतजमिनीच्या नावाखाली या कंपनीने देशभरातल्या कोट्यवधी लोकांकडून पैसे गोळा केले. सेबीने २०१४ मध्ये ४९ हजार १०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या समितीने २०१९ मध्ये ऑनलाइन दावे मागवले तेव्हा प्रमाणपत्र, पावत्या, पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागला. नावातला फरक, अपुरे कागद अशा त्रुटींमुळे अनेक अर्ज अडकले. मूळ प्रमाणपत्र एजंटाच्या हाती देऊ नये, समितीचा एसएमएस आल्यावरच ते पाठवावं, असं समितीने बजावलं होतं. हा धडा आजही लागू आहे: मूळ कागद घरात, झेरॉक्स बाहेर.

नोंदणीच नसेल तर?

टेलिग्रामवरचा 'सर', महिन्याला दामदुप्पट देणारं अ‍ॅप, यांची सेबीकडे नोंदणीच नसते. अशांच्या बाबतीत स्कोअर्स उपयोगी पडत नाही. पैसे गेले की लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा आणि पोलिसांत तक्रार द्यावी. जितक्या लवकर फोन, तितकी खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. ठेवी घेऊन पळालेल्यांविरुद्ध राज्यात १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, आहे. बेकायदा ठेवी गोळा होत असल्याची माहिती रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर देता येते.

पैसे देण्याआधीची खात्री त्याहून सोपी आहे. नोंदणीकृत ब्रोकर आणि फंड यांच्या यूपीआय आयडीत आता 'व्हॅलिड' हा शब्द येतो. 'सेबी चेक' या सुविधेत तो आयडी किंवा बँक खातं खरं आहे का, ते तपासता येतं.

शेवटचा सावधानतेचा मुद्दा. एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा फोन येतात, 'सेबीतून बोलतोय, अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी फी भरा.' हा फोन खोटा समजावा. सेबी असो की लोकपाल, तक्रारीसाठी एक रुपयाही लागत नाही.